मदत हवी आहे: पहिल्या कथासंग्रहाची रिक्षा फिरवायची (स्वतःच जाहिरात करायची) आहे, पण खोटेपणा नको

कादवाकाठ
नमस्कार. नाशिकहून माझा पहिला कथासंग्रह येतोय. ५०० प्रती, किंमत २२० रुपये. सहापैकी चार कथा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतल्या मजूर बायकांच्या आहेत. प्रकाशकांनी फेसबुक-इन्स्टासाठी तयार मजकूर पाठवलाय: "मातीतल्या लेखिकेचे काळजाला भिडणारे शब्द! वाचकांचा तुफान प्रतिसाद!" पुस्तक अजून छापखान्यात आहे. शिवाय ओळखीच्या दहा-बारा जणांकडून ॲमेझॉनवर पाच तारे टाकून घ्या, असा आग्रह. मी शहरात वाढलेली, नोकरदार. बागेत काम केलेलं नाही, बायकांशी बोलून लिहिलंय. मजकूर कसा बदलू? परीक्षणं कशी मिळवू? आणि व्हॉट्सॲपवर काय, किती पाठवू?

जुळारी
ताई, आधी "मातीतल्या लेखिका" काढा. बागाईतदाराला दोन वाक्यांत कळतं. जे केलंत तेच लिहा: "पेठ-सुरगाण्याहून निफाडला बागेच्या कामाला येणाऱ्या बायकांशी बोलून या कथा लिहिल्या. मी स्वतः हे काम केलेलं नाही." दुसरं वाक्य गाळायचा मोह होईल, गाळू नका. पहिल्यावर विश्वास बसतो तो त्याच्यामुळेच.

"तुफान प्रतिसाद"च्या जागी कथेतलाच उतारा द्या, १०० ते १२० शब्दांचा. निसर्गवर्णन नको, काम चालू असलेला तुकडा निवडा. थॉम्पसन द्राक्षाचा घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवायला डोक्यावर धरलेला मग आणि मनगटावरून कोपराकडे उतरणारा ओघळ, असं काही कथेत असेल तर तेच टाका. वर एक ओळ पुरे: कथेचं नाव आणि हा प्रसंग कुठला.

वेळही साधा. खरड छाटणी (द्राक्षं काढून झाल्यावरची) एप्रिलच्या सुमारास, गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) ऑक्टोबरच्या आसपास. ज्या कामाचा उतारा, त्या दिवसांत टाकला की त्या कामातली माणसं बोलायला येतात. मात्र खरड छाटणीच्या उताऱ्याखाली पिकलेल्या घडांचा फोटो लावलात, तर सगळ्या कमेंटी फोटोवर पडतील, कथेवर एकही नाही. आणि हातात कात्री घेऊन बागेत फोटो काढणं कृपया टाळा. टेबलावरची टिपणवही जास्त बोलते.

पानोपानी
परीक्षणांबद्दल. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेली परीक्षणं ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत. लक्षात आली तर ती काढली जातात, खात्यावरही कारवाई होऊ शकते. फुकट प्रत देता येते, पण "परीक्षण लिहा" ही अट घालता येत नाही. पाच तारे मागणं तर नाहीच.

५०० मधल्या २५-३० प्रती भेटीसाठी बाजूला काढा. सोबत चिठ्ठी: "ही प्रत भेट आहे. लिहिलंच पाहिजे असं नाही. लिहिलंत तर भेट मिळाल्याचा उल्लेख करा. आवडलं नाही, तर तसंही लिहा." शेवटचं वाक्य मनापासून असेल तरच छापा.

इन्स्टावर पुस्तकांचे व्हिडिओ करणाऱ्यांना प्रत पाठवत असाल तर ॲस्कीची (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेची) २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. प्रसिद्धीसाठी दिलेली भेटवस्तूही त्यात धरली जाते, पैसे दिलेले नसले तरी. तसा उल्लेख सहज दिसेल असा हवा, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेला चालत नाही. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तो किमान ३ सेकंद दिसायला हवा.

दोन प्रती आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला देऊन ठेवा. १८४० पासूनची संस्था आहे, तिथला वाचक फेसबुकवर असेलच असं नाही.

चहाटळ
+१. आणि डुआयडी (दुसऱ्या नावाचं खोटं खातं) काढून स्वतःच्या पुस्तकाची वाहवा करायची सुरसुरी आली तर फोन बंद करून ठेवा. पूर्णविरामाआधी जागा सोडायची सवय, "की"चं "कि", प्रत्येक वाक्यामागे तीन टिंबं... इथली मंडळी यावरूनच पकडतात. मग मूळ आयडीचं लिखाणही कुणी उघडत नाही.

जुळारी
व्हॉट्सॲपचं राहिलं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून "मी सगळ्यांना पाठवलंय" यात फार तथ्य नसतं. न विचारता ग्रुप काढून माणसं भरू नका. निरोप एकच: मुखपृष्ठ, दोन ओळी, किंमत, टपालखर्च वेगळा की धरून, पैसे कसे पाठवायचे. त्यानंतर थेट कार्यक्रमाच्या वेळी.

वाचकाने खासगीत कळवलेलं कौतुक टाकायचं असेल तर आधी विचारा. नाव, नंबर, डीपी झाका. आणि कापाकापी नको. "सुरुवात संथ आहे, शेवटची कथा मात्र अप्रतिम" यातलं "अप्रतिम" तेवढं उचललंत, तर लिहिणारा स्वतःच खाली येऊन उरलेलं वाक्य पूर्ण करेल!

कादवाकाठ
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. प्रकाशक म्हणतात, ५०० मधल्या २५० प्रतींवर "दुसरी आवृत्ती" छापू, म्हणजे महिन्याभरात तशी पोस्ट टाकता येईल.

पानोपानी
स्पष्ट नाही म्हणा, आणि प्रती बांधणीला जायच्या आत लेखी कळवा. सगळ्या ५०० प्रतींवर पहिली आवृत्ती आणि एकच तारीख हवी. पोस्ट टाकायचीच असेल तर "५०० पैकी २१० प्रती गेल्या" अशी टाका. आकडा प्रकाशकांच्या विक्रीपत्रकावरून घ्या आणि भेटप्रती त्यात मोजू नका.