अनुभव धागा: तुमच्याकडे उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं) दिसते कुठे?

रविवारी चर्चमध्ये उपदेशाला बायबलमधला लूक 17 होता. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. घरी येताना बायको म्हणाली, "बाकीच्या नऊ जणांनी मनातल्या मनात मानले असतील की!" तेव्हापासून तिथेच अडकलोय. मनातले चालतात, की दिसायला हवेत? खान्देशातल्या मंडळींनो, आपापल्या घरचं, शेतातलं, ड्युटीवरचं लिहा. वचनं सगळ्यांना पाठ आहेत, घडलेलं सांगा.

नवापूरकर
आमच्याकडे भात झोडून झाला की कापणीची उपकारस्तुती. नवं धान्य घरात शिजायच्या आधी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जातं. वेदीपुढे टोपल्या लागतात: भात, तूर, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. आजी प्रार्थना मावचीत, आमच्या आदिवासी बोलीत करते, शास्त्र मराठीतलं वाचतात, आणि कोंबडी मधेच आपल्या भाषेत आमेन म्हणते. मग बाहेर अंगणात लिलाव. एका वर्षी बाबांनी आमचाच भोपळा चढ्या भावाने सोडवून आणला. आई दोन दिवस बोलली नाही.

पण मला आठवतं ते पाऊस दगा दिला ते वर्ष. आईने टोपलीत तळाशी चार शेर भात घातला आणि वरून धुतलेलं लुगडं असं फुगवून झाकलं, की टोपली भरलेली दिसावी. पाळकसाहेबांनी प्रत्येक टोपलीवरचं कापड काढून प्रार्थना केली. आमच्या टोपलीवर मात्र कापडावरूनच हात ठेवला. त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

केळीवाली, चोपडा
मी जरा उलटं लिहिते. आमच्या टेम्पोच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. ह्यांची हौस. आणि घड कापणाऱ्यांची मजुरी शनिवारची बुधवारवर. एकदा एक मजूरबाई काचेकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊ, मेंढपाळ बरा शे, पन मेंढरंस्नी मजुरी?" सगळे हसले, हे सोडून. त्या शनिवारपासून पैसे वेळेवर जातात. अक्षरं अजून तशीच आहेत; मला विचाराल तर ती आता कुठे वाचण्यासारखी झाली.

भुसावळ जंक्शन
गाडी काढण्याआधी मी दहा सेकंद डोळे मिटतो. माझा सहायक त्याच वेळी इंजिनाला हात लावून नमस्कार करतो. परवा मी विसरलो तर तोच म्हणाला, "साहेब, तुमचं राहिलं."

धुळ्याचा
हॉस्टेलवर जेवणाआधी डोळे मिटले की ताटातली भजी गायब. पहिल्या सेमिस्टरला प्रार्थना लहान केली, दुसऱ्याला एक डोळा उघडा ठेवला. शेवभाजीला मात्र कोणी हात लावत नाही, रस्सा कोण उचलणार?

दादरची भाकरी, अमळनेर
आई दळणाला दादर ज्वारी काढते तेव्हा घरात जितकी माणसं तितक्या मुठी वेगळ्या डब्यात टाकते. महिन्याच्या शेवटी डबा मंडळीत, तिथून ज्याला लागेल त्याच्या घरी. मी नोकरीला पुण्याला आलो, ताईचं लग्न झालं, तरी आमच्या मुठी चालूच. उलट जावयाची वाढली. वडील गेले त्या महिन्यात मी मुद्दाम मोजलं. मूठ कमी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "पस्तीस वर्षं दिला ना त्याने मला." 'त्याने' म्हणजे देवाने. पुढे मी काही विचारलं नाही.

यावलहून
उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हेही शास्त्रातच आहे ना? म्हणून माझं लिहीत नाही. वाचतोय मात्र सगळं.

धागाकर्ता
बायकोला सगळं वाचून दाखवलं. अमळनेरच्या डब्यापाशी दोनदा थांबायला लावलं तिने. नऊ जणांचा विषय सध्या मागे पडलाय. नवापूरकर, ती विचारतेय, कोंबडी शेवटी कितीला गेली?