पुस्तक बदलायला जाणारी माणसं

आई जाऊन दोन वर्षं होतील. गेल्या आठवड्यात साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयातून एक जुनी कादंबरी आणली. बांधणी उसवलेली, पानं पिवळी. सतराव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीचा डाळीच्या दाण्याएवढा त्रिकोण दिसला आणि हातातलं काम तसंच राहिलं. ती आईची खूण. वाचलेलंच पुस्तक पुन्हा उचललं तर खेप फुकट जाते, म्हणून ती प्रत्येक पुस्तकात सतराव्या पानावर असा त्रिकोण काढून ठेवायची.

संध्याकाळचा कुकर उतरवला की खोचलेला पदर सोडून ती पुस्तक बदलायला निघायची आणि मी तिच्या मागे. ‘वाच’ असं तिने मला कधीच सांगितलं नाही. बालविभागाचं कार्ड मात्र माझ्या नावावर काढून दिलं होतं.

आपल्यात कथा-कादंबऱ्यांवर जन्म काढलेली बरीच मंडळी आहेत. हा नाद तुम्हाला कुणी लावला? त्याने पुढे काय दिलं? चरित्रं, माहितीपर वाचन यांविषयी पुन्हा कधीतरी बोलू. इथे फक्त रचलेल्या गोष्टींबद्दल लिहा, पण हात राखून लिहू नका.

कराड

आमच्या शाळेत पेटी वाचनालय होतं. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाई ती उघडायच्या. त्यातून मला फास्टर फेणे मिळाला. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. फुरसुंगी हे गाव लेखकाने मनानेच रचलेलं असणार, अशी माझी खात्री होती.

1983 च्या मे महिन्यात वडिलांबरोबर कोयना एक्सप्रेसने पुण्याला निघालो होतो. जेजुरी मागे पडली, मला डुलकी लागत होती आणि खिडकीतून पिवळी पाटी सरकली : फुरसुंगी. गाडी तिथे थांबत नाही. मी ओरडलो, वडील दचकले. पाटी, एक झाड, बाकावर बसलेला माणूस, एवढंच दिसलं आणि गेलं. पण गोष्टीतलं गाव रुळाशेजारी खरोखर आहे, तिथे माणसं राहतात, हे कळल्यावर पुण्यापर्यंत मला बसवेना. आता माझी पन्नाशी उलटली. त्या मार्गाने जाताना अजूनही खिडकीची जागा मागून घेतो.

फोंडा, गोवा

आम्ही घरात बोलतो कोंकणी, पण वाचत आलो मराठी. मामा पणजीला नोकरीला होता. सुट्टीच्या दिवसांत तो मला कधीकधी सकाळच्या बसने सोबत न्यायचा आणि सेंट्रल लायब्ररीत बसवून कामावर जायचा. हे ग्रंथालय 1832 सालचं, पोर्तुगीज अमदानीतलं. तेव्हा ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. दारातून आत गेलं की भिंतभर निळ्या चित्रांच्या फरशा : जहाजं, खलाशी, राजे. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत ते, हे खूप नंतर समजलं. तेव्हा मी त्या चित्रांच्याच गोष्टी करत आत शिरायचे आणि मराठी कादंबऱ्यांच्या कपाटापुढे बसायचे.

कादंबऱ्यांतलं पुणं मला पाठ होतं. वाडा, चौक, ओटी, माजघर. प्रत्यक्षात पुणं पाहिलं ते लग्नानंतर. नवरा वाट विचारायला थांबला आणि मी म्हटलं, पुढून डावीकडे. बरोबर निघालं. ग्रंथालय आता पणजीतल्याच पाटो भागात मोठ्या नव्या इमारतीत आहे आणि सोयी उत्तम आहेत. नातवाला तिथेच नेते, पण आधी जुन्या इमारतीतल्या त्या फरशा दाखवून मग.

अकोला

मला नाद लावला ताईने. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रहस्यकथा आणली होती, तिची शेवटची पानंच कुणीतरी फाडून नेलेली. मी रडकुंडीला आले. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर ताई म्हणाली, ‘ऐक, मी सांगते.’ आणि तिने रोज एक नवा शेवट रचला, जवळजवळ महिनाभर. त्याच पुस्तकाची धड प्रत मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, एकोणीस वर्षांनी. तिथेच उभ्याने शेवट वाचला. ताईचा चौथ्या रात्रीचा शेवट मला अजूनही जास्त पटतो.

जळगाव

वरची ताई वाचून हे लिहायचं धाडस करतोय.

माझी धाकटी बहीण कावीळ होऊन गेली. ती नऊ वर्षांची, मी सोळाचा. घरात सगळे रडत होते आणि मी पाहुण्यांना चहा देत होतो, चपला नीट लावत होतो. ‘पोरगा खंबीर आहे’ असं सगळे म्हणाले. पुढे दोन वर्षांनी पुण्याला वसतिगृहात आलो. खोलीतला जोडीदार म्हणाला, ‘तू खानदेशातला ना, मग हे वाच’, आणि त्याने ‘कोसला’ पुढे टाकली. नेमाड्यांची 1963 ची ही कादंबरी. पांडुरंगची बोली आमच्या घरातली वाटली, हसत हसत पुढे गेलो. मग त्याची बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. पुढे हे येणार आहे, याची मला काहीच कल्पना नव्हती.

रात्रीचे दोन वाजले असतील. पुस्तक छातीवर उपडं ठेवून मी जो रडायला लागलो तो थांबेना. जोडीदार उठला, एक शब्द बोलला नाही, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्या हाताशी ठेवलं आणि दिवा तसाच चालू ठेवून पाठ फिरवून पडला. सकाळी मी घरी पत्र लिहिलं. बहिणीचं नाव घालून लिहिलेलं ते पहिलं पत्र. गोष्टी खोट्या असतात, त्यात वेळ कशाला घालवायचा, असं कुणी म्हणालं की मला ती रात्र आठवते. मला माझं रडणं त्या पुस्तकाने परत दिलं.

लातूर जिल्हा

एकशिक्षकी शाळेवर नोकरी सुरू केली आणि निवृत्तीपर्यंत गुरुजीच राहिलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काही आठवडे वाचायचं नाही म्हणून बजावलं. दिवस सरता सरेना. नात इंग्रजी माध्यमात शिकते, मराठी अडखळत वाचते. तिला म्हटलं, ‘बनगरवाडी’ घे, बारीक आहे. रोज दहा पानं. मेंढरं, कारभारी, रामोशी, एकेका शब्दाला ती थांबायची आणि मी सांगायचो. माझी पहिली शाळा, तिथला चावडीचा कट्टा, सगळं त्यात आलं. दुष्काळाने गाव ओस पडतं तिथे तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, ‘आबा, मास्तर आता कुणाला शिकवणार?’ पट्टी निघाल्यावरही तिने वाचणं थांबवलं नाही. आता तिसरी कादंबरी चालू आहे.

दुबई

इथे सामानाचं वजन करताना पापड आणि पुस्तकं यांत निवड करावी लागायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेची पेटी आमच्याकडे आली तेव्हा बायका-पुरुष सगळे खाली जमिनीवरच बसलो. एका कुटुंबाने वाचायची, मग दुसऱ्याशी पेटी बदलायची. ‘पुस्तक बदलायला जाते’ हे वाक्य मी वाळवंटात पुन्हा म्हणू लागले.

सांगली जिल्हा

मी सरकारी वर्गवारीतल्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. साताऱ्याच्या ताईंसाठी लिहितो. अशा खुणा आमच्याकडेही पुष्कळ आहेत. बावन्नाव्या पानावर टिंब म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, पंचवीसवर उलटी मात्रा म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. पण एक लक्षात घ्या. पुस्तक पुन्हा बांधणीला गेलं की बाइंडर कडा कापतो आणि पानाच्या आकड्याजवळची खूण कापली जाऊ शकते. फार जीर्ण पुस्तकं निर्लेखनात निघतात, म्हणजे नोंदीतून बाद होतात, ती रद्दीत जातात. तुम्ही म्हणता ती प्रत उसवलेली आहे, म्हणजे तिचा नंबर लवकर लागेल. तुमच्या ग्रंथपालांना आजच सांगून ठेवा.

सातारा

दुपारीच जाऊन आले. बांधणीचा गठ्ठा सुतळीने बांधून दाराशी ठेवला होता, टेम्पो चारला येणार होता. ग्रंथपालबाईंनी काही न विचारता सुतळी सोडली. एकतीस पुस्तकं होती. दोघी मिळून सतरावं पान काढत गेलो. नऊ पुस्तकांत त्रिकोण आहे. ती नऊ त्यांनी बाजूला ठेवली आहेत, आणि त्यांतलं एक मी घरी आणलंय.