ओलाव्याची परस्परविरोधी मापे: सरासरी घ्यावी की विरोध नोंदवावा?

प्रश्न (निपाणी):
आमच्या काळ्या रानात ओलावा मोजणारे दोन सेन्सर वीतभर अंतरावर पुरले आहेत. 'जमीन ओली आहे' या विधानाला एकाच्या मापावरून ०.८ आधार मिळतो, तर दुसऱ्याच्या मापावरून त्याच्या विरोधात ०.७. फझी पद्धतीत (जिथे विधान ० ते १ यांदरम्यान कितीही प्रमाणात खरे असू शकते) दुसरे माप १ वजा ०.७, म्हणजे ०.३ धरून सरासरी काढली, तर ०.५५ येते, म्हणजे जमीन अर्धवट ओली ठरते. हे मला पटत नाही.

उत्तर (बेळगाव):
आपली शंका रास्त आहे. फझी पद्धतीचे जनक लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेली सदस्यत्वाची मात्रा (एखादी गोष्ट 'ओली' या गटात किती प्रमाणात बसते ते सांगणारा आकडा) 'ओली' या शब्दाच्या संदिग्धतेसाठी आहे, साक्षीदारांच्या भांडणासाठी नव्हे. दोन्ही सेन्सरांनी ०.५५ सांगितले असते तरी सरासरी तीच आली असती. तर्कशास्त्रज्ञ न्युएल बेल्नॅप यांच्या तर्कपद्धतीत सत्य, असत्य, दोन्ही आणि दोन्ही नाही अशी चार मूल्ये आहेत. त्याच धर्तीवर अनुकूल व प्रतिकूल आधार वेगळे ठेवावेत: बेरीज १.५, म्हणजे एकावर ०.५ इतका विरोध; बेरीज एकाहून कमी भरली, तर तेवढे अज्ञान.

उत्तर (खानापूर):
अटानासोव्ह यांचे फझी संच, ज्यांत अनुकूल व प्रतिकूल असे दोन आकडे वेगळे ठेवतात, ते मात्र इथे उपयोगी नाहीत, कारण त्यांत ही बेरीज एकाच्या पुढे जाऊ शकत नाही. शिवाय, गणिताआधी कोरडे माप देणारा तो सेन्सर उकरून पाहावा. काळी माती भेगाळली की सेन्सरभोवती हवेची पोकळी राहते आणि माप खाली येते.

प्रश्नकर्ता:
उकरून पाहिले. बोटभर रुंद भेग निघाली.