पंपरूममागचा धूर

ए-३०२
सुप्रभात. सोसायटीच्या पंपरूमच्या मागे आज पुन्हा पालापाचोळा पेटवलाय. साडेसहाला खिडकी उघडली तर धूर सरळ मुलांच्या खोलीत. धाकट्याचा खोकला डिसेंबरपासून जातच नाहीये, काल रात्री दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. कृपा करून हे कायमचं बंद करा.

सेक्रेटरी
वॉचमनशी बोललो. पहाटे गारठा असतो म्हणून शेकोटी केली होती, त्यातच झाडलोटीची पानं टाकली गेली. समज दिली आहे.

सी-१०४
त्या बिचाऱ्यांना कसली समज देता! जरा धूर झाला तर डास तरी पळतात. आम्ही चुलीच्या धुरातच वाढलो, आज पंच्याहत्तरी गाठली. काही झालं नाही.

बी-५०४
काका, वॉचमनची बाजू घेतलीत ते योग्यच आहे. पण चुलीच्या धुराने काही होत नाही, हे मला पटत नाही. जन्मात विडी-सिगारेटला हात न लावलेल्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा धापेचा आजार, का होतो, यावर पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी एका सहलेखकासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिलंय. चुलीचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. आपल्या कितीतरी आज्यांची धाप ‘वयाची’ म्हणून सोडून दिली गेली.

आणि डासांसाठी धूर नकोच. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा.

ए-३०२
ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून विचारते. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे, मोठा झाला की जाईल. खरंच जातं का?

बी-५०४
तुमच्या बाळाबद्दल त्याचे डॉक्टरच सांगतील, मी तपासणारी नाही. पण धुराचं मुलांच्या छातीत काय होतं ते सांगते. जरा लांबेल, पण वाचा.

मी सायटोलॉजीत, म्हणजे पेशींच्या तपासणीत, काम करते. बेडक्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की आम्ही सगळ्यात आधी मॅक्रोफेज पेशी शोधतो. त्या दिसल्या तर नमुना खरंच फुप्फुसातून आलाय, नाहीतर ती नुसती लाळ. मोठ्या गोल पेशी असतात, आणि त्यांच्या आत बऱ्याचदा काळे ठिपके दिसतात. तो कार्बन. गाड्यांच्या, जळणाच्या, विडीच्या धुरातला. मॅक्रोफेजचं काम म्हणजे वायुकोशात, फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, शिरलेले जंतू आणि कचरा गिळणं. काजळी तिला पचत नाही, ती तशीच पेशीत पडून राहते.

मोठ्यांच्या स्लाइडमध्ये ठिपके असणार हे आम्ही धरूनच चालतो. पण इंग्लंडमध्ये लेस्टरला २००६ साली निरोगी शाळकरी मुलांच्या बेडक्यातल्या याच पेशी तपासल्या गेल्या. मुलांच्या पेशींतही काजळी होती. ज्या मुलाच्या घराजवळ वाहतुकीचा धूर जास्त, त्याच्या पेशींत ती जास्त. आणि पेशीतल्या काळ्या भागाचं क्षेत्रफळ एका चौरस मायक्रॉनने वाढलं की जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सुमारे १७ टक्के कमी. आजारी नसलेल्या मुलांची गोष्ट आहे ही.

काजळीने भरलेली पेशी जंतूंच्या मागे पूर्वीसारखी लागत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय धुरातल्या कणांचा मारा झाला की श्वासनलिकेच्या अस्तराला न्युमोनियाचा न्युमोकोकस हा जंतू जास्त चिकटतो. म्हणजे जंतूंना शिरायला जागा मिळते आणि राखणदार थकलेला असतो. एकच खोकला महिनाभर रेंगाळतो त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

दुसऱ्या पेशी म्हणजे रेग्युलेटरी टी पेशी. प्रतिकारशक्ती उगाच भडकू नये म्हणून त्या तिला आवरतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या अतिशय प्रदूषित शहरातली मुलं आणि तुलनेने स्वच्छ पालो आल्टोची मुलं यांची २०१० मध्ये तुलना झाली. फ्रेस्नोतल्या दमेकरी मुलांमध्ये या पेशींची ताकद कमी होती. त्या पेशी ज्या जनुकावर चालतात त्या फॉक्सपी ३ वर मिथाइलचे जास्त रासायनिक ठसे होते, म्हणजे ते जनुक दाबलं गेलं होतं. ब्रेक ढिला झाला की साध्या धुळीलाही छाती जोरात उसळते. ‘ॲलर्जी आहे’ असं म्हटलं की आपण तिथेच थांबतो. ती भडकते कशाने, ते विचारत नाही.

सी-१०४
पण मुलांनाच एवढं का? हवा तर सगळ्यांना सारखीच.

बी-५०४
हवा सारखी, छाती सारखी नाही काका. जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात साधारण ५ कोटी वायुकोश असतात, मोठ्या माणसात ३० कोटींहून जास्त. हे सगळं बांधकाम लहानपणीच चालू असतं, आणि फुप्फुस पुढे विशीपर्यंत वाढतं. वजनाच्या मानाने मुलं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. खेळताना तोंडाने श्वास घेतात, मग नाकाची गाळणी उपयोगाची राहत नाही. त्यात त्यांचं नाक गाडीच्या सायलेन्सरच्या जवळ.

मला सगळ्यात जास्त भीती खोकल्याची वाटत नाही, तो दिसतो तरी. फुप्फुस जेवढं वाढायला हवं तेवढं वाढत नाही, हे कोणालाच दिसत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांची १० ते १८ वयापर्यंत दरवर्षी तपासणी केली. सगळ्यात प्रदूषित गावात फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली राहिलेली मुलं स्वच्छ गावाच्या जवळजवळ पाचपट होती. अठराव्या वर्षी तुटीत निघालेला मुलगा पन्नाशीत कुठे असेल?

ई-४०१
ॲपवर आपल्या भागाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १५८ दाखवतोय, ‘मध्यम’. दिल्लीत ४०० असतो. आपण जरा जास्तच घाबरतोय का?

बी-५०४
दादा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात १०१ ते २०० च्या ‘मध्यम’पुढेच लिहिलंय की दमा, फुप्फुस आणि हृदयाचा आजार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. तो आकडा २४ तासांच्या सरासरीचा, तोही जिथे केंद्र आहे तिथला. ए विंगच्या खिडकीखाली सकाळी अर्धा तास जळलेला पाचोळा त्यात येणार कसा? आणि आपली मर्यादाही सैल आहे. पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांसाठी, भारतात २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. दिल्लीपेक्षा बरं आहे, हे आपल्या पोरांना सांगण्यासारखं उत्तर नाही. चेंबूरमध्ये राहून तर नाहीच. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं होतं तेव्हा दारं-खिडक्या लावून बसलो होतो, आठवतंय ना?

डी-७०३
माझी मुलगी लंडनला असते. तिथे एला नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. घर मोठ्या वाहत्या रस्त्याजवळ होतं. आपलं गेट तर हायवेलाच लागून आहे.

ए-३०२
वाचून पोटात गोळा आला. मग घर विकून जायचं का आम्ही?

बी-५०४
नाही हो. हवा सुधारली तर मुलांची फुप्फुसं सुधारतात, हेही त्याच कॅलिफोर्नियाने दाखवलंय. तिथे गाड्यांचे, इंधनाचे नियम कडक झाले. क्षमता कमी असलेली १५ वर्षांची मुलं १९९८ च्या सुमारास ७.९ टक्के होती, २०११ पर्यंत ३.६ टक्क्यांवर आली. हायवे आपल्या हातात नाही, पण कंपाउंडच्या आतलं तर आहे.

सेक्रेटरी
काय काय करता येईल ते सांगा ताई. रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.

बी-५०४
वॉचमनच्या केबिनला खिडकी नीट बसवून द्या आणि एक छोटा हीटर. त्यांना थंडी वाजते ही आपली जबाबदारी आहे. शेकोटी नुसती बंद करायला सांगितली तर पहाटे चारला ती पुन्हा पेटणारच. पानांसाठी जिन्यामागच्या मोकळ्या जागेत खड्डा.

स्कूल बस सव्वासातला गेटवर दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी असते, पोरं रांगेत तिच्या मागे. डिझेलचा धूर कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. इंजिन बंद ठेवायला सांगायचं, एवढंच. जनरेटरची चाचणी संध्याकाळी सहाला होते, त्याच वेळी मुलं खाली खेळत असतात. ती दुपारी घ्या.

एफ-२०२
आणि मागच्या रिडेव्हलपमेंटचं काय? रोज बाल्कनीत बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ.

बी-५०४
त्याचे नियम आहेत. मुंबईच्या हवेची हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महापालिकेने नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर चारी बाजूंनी किमान ३५ फूट पत्रे, बांधकामाला हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. मागे तीस मजली टॉवर होतोय आणि पत्रे आपल्या दुसऱ्या मजल्याच्याही खाली आहेत. काल सकाळी मातीने भरलेला डंपर न झाकता निघाला, चाकांची माती आपल्या गेटपर्यंत सांडली होती. तारीख-वेळेसकट फोटो काढा. सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला अर्ज देऊ, महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवू. एकट्यादुकट्याने नाही, सगळ्या विंगच्या सह्या हव्यात.

ई-४०१
मास्क लावायचे का मुलांना?

बी-५०४
एन-९५ नीट बसला तर उपयोग होतो, पण लहान चेहऱ्यांवर तो कडेने उघडाच राहतो. कापडी मास्क बारीक कण अडवत नाही. बारीक कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरचा प्युरिफायर बंद खोलीत काम करतो, पण तो सगळ्यांना परवडणारा नाही, आणि वॉचमनच्या मुलीला तर मुळीच नाही. ती त्या शेकोटीच्या सगळ्यात जवळ झोपते.

सी-१०४
ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हीटरचे पैसे मी देतो. मीटिंगची वाट बघू नका.

सेक्रेटरी
ठीक आहे काका. आज संध्याकाळी केबिनचं माप घेऊन येतो. बसच्या ड्रायव्हरशी उद्या सकाळी कोण बोलतंय?

ए-३०२
मी बोलते. सात वाजता खालीच असते.