तोंड येणे : आपले अनुभव आणि उपचार

तोंड आले की घरोघरी 'उष्णता वाढली असेल' असे म्हणून गुलकंद किंवा बी-कॉम्प्लेक्सची गोळी पुढे केली जाते आणि आठवड्याभरात फोड भरला की श्रेय त्या उपायाला मिळते. वास्तविक ओठांच्या आत, गालात किंवा जिभेच्या कडेला येणारा, मध्ये पिवळसर आणि भोवती लाल कडा असलेला लहान फोड बहुधा एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. म्हणून नुसता उपाय न लिहिता फोड कोठे आला, किती काळ राहिला, पुन्हा पुन्हा येत होता का आणि शेवटी कारण काय निघाले, हेही सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. मला दर महिन्याला तोंड येत असे आणि वरण-भातसुद्धा झोंबत असे. रक्त तपासल्यावर बी-१२ फारच कमी निघाले. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे आणि मला दूध चालत नाही. इंजेक्शनांचा क्रम पूर्ण केल्यावर फोड येणे जवळजवळ थांबले. लोह आणि फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) यांच्या कमतरतेनेही असेच होते, त्यामुळे वारंवार तोंड येणाऱ्यांनी अंदाजाने गोळ्या घेण्यापूर्वी रक्त तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

*

मला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट वापरल्यावर बराच फरक पडला. माझ्या बहिणीला मात्र त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

*

माझ्या सासूबाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पण ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यात गेली आणि त्या ती रोज घेऊ लागल्या. काही दिवसांतच ओठांपासून घशापर्यंत तोंड सोलवटून निघाले, पाण्याचा घोटही गिळवेना. शेजारच्या काकूंनी साजूक तूप लावायला सांगितले, दुकानातून जेलही आणले. नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र फोनवर पहिलाच प्रश्न 'गोळ्या कशा घेता?' असा विचारला आणि तातडीने रुग्णालयात दाखल करायला लावले. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या, त्यामुळे या गोळीवर उतारा म्हणून फोलिनिक आम्लाची इंजेक्शने द्यावी लागली. मेथोट्रेक्सेट पेशींना फोलेट वापरू देत नाही, म्हणून ज्यांच्या पेशी झपाट्याने बदलतात त्या तोंडाच्या अस्तराला आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला त्याचा फटका लवकर बसतो. आता पाकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त रविवारी' असे लिहून ते वेगळे ठेवले जाते. घरात कोणी हे औषध घेत असेल, तर तोंड आल्याबरोबर आधी मात्रा तपासावी, ही कळकळीची विनंती.

*

लहान मुलांच्या बाबतीत एवढेच सांगते की, सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचे औषध) असलेले जेल त्यांना लावू नये. माझ्या मुलाला तळहात, तळपाय आणि तोंडात फोड आले होते; तो विषाणूचा संसर्ग होता. थंड दूध आणि मऊ दहीभात यांवर तो सावरला. लघवी नेहमीसारखी होते आहे ना, यावर लक्ष ठेवायला बालरोगतज्ज्ञांनी बजावले होते.

*

मी दंतवैद्य आहे. साध्या फोडासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचा मलम पुरेसा होतो. फक्त तो रात्री दात घासल्यावर, जागा कापसाने कोरडी करून, न चोळता हलकेच टेकवावा, नाहीतर लाळेबरोबर निघून जातो. विषाणूच्या किंवा बुरशीच्या संसर्गावर हा मलम लावू नये, म्हणून आधी तोंड दाखवून घ्यावे. मला खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या जखमेची. मिश्री लावणाऱ्या एक आजी जिभेच्या कडेची जखम दाखवायला आल्या, तेव्हा 'दुखत नाही, म्हणून थांबले' असे म्हणाल्या. शेजारच्या दाढेचे टोक घासून गुळगुळीत केले, तरी जखम भरली नाही. कडा बोटाला कडक लागत होती. तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला, पण लहान असल्याने शस्त्रक्रियेने काढता आला. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, किंवा सुपारी-गुटखा खाणाऱ्याला तिखट सहन न होणे आणि तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही आढळले तर मलम बदलत न बसता त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.