प्रतिसाद: लक्षद्वीपची एक जागा आणि ७१ मते

लक्षद्वीपसारख्या लोकसभेची एकच जागा असलेल्या केंद्रशासित प्रदेशात काँग्रेस नेते पी. एम. सईद १९६७पासून सलग दहा वेळा निवडून आले, म्हणजे तिथे लोकसभेची निवडणूक केवळ औपचारिकता असते, हा चर्चेत मांडलेला निष्कर्ष मला अर्धाच पटतो. दीर्घ एकछत्री काळ खरा. पण त्याची अखेर कशी झाली, हे या चर्चेत आलेले नाही. २००४ मध्ये त्यांचा पराभव झाला तो अवघ्या ७१ मतांनी, आणि तो करणारे पी. पूकुन्ही कोया संयुक्त जनता दलाचे होते! (पराभवानंतरही सईद केंद्रात ऊर्जामंत्री झाले, हा भाग वेगळा.)

२००९ मध्ये त्यांचे पुत्र हमदुल्ला सईद निवडून आले, त्यामुळे घराणेशाहीचा मुद्दा मी नाकारत नाही. मात्र २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्या मोहम्मद फैजल यांनी त्यांना हरवले, २०१९ मध्ये ८२३ मतांच्या फरकाने पुन्हा हरवले, आणि २०२४ मध्ये जागा परत हमदुल्लांकडे गेली. जेमतेम पंचावन्न-साठ हजार मतदारांच्या या मतदारसंघात एखाद्या बेटावरची नाराजीदेखील निकाल फिरवू शकते.