मदत हवी आहे: कसुतीवरून केलेल्या फॉन्टची शिरोरेषा तुटायल्या

खानापूरची_पोर:
आज्जीच्या इरकल लुगड्यावर कसुती, म्हणजे धागे मोजून केलेलं भरतकाम आहे: गोपूर, रथ, पालखी. त्याच टाक्यांनी मी देवनागरी अक्षरं काढली, स्कॅन करून फॉन्ट केला. क ते ज्ञ, मात्रा, सगळं झालंय. एकेक अक्षर छान दिसतंय, पण शब्द टाइप केला की मध्ये पांढऱ्या फटी. 'खानापूर'चे चार तुकडे. 'पुस्तिका' लिहिलं की वेलांटी क ला जाऊन चिकटायल्या. यात्रेची पुस्तिका परवा छपाईला द्यायची आहे. काय करू?

अक्षरवेडा:
फॉन्ट कशात बनवलात? टाइप कशात करताय? युनिकोड आहे की जुन्या कळफलकाचा? आणि अर्धी अक्षरं काढलीत का?

निपाणीचा_पेंटर:
पोरी, तीस वर्षं पाट्या रंगवल्या. आम्ही आधी खडू लावलेली दोरी मारतो, मग अक्षरं तिला लटकवतो. रेघ एकदाच, सलग. मथळा हातानं रंगवून घे, कॉम्प्युटरचा नाद सोड.

सीमेवरची:
फॉन्टच विचारलाय हो त्यांनी. पण एक सांगते, स्कॅन केलंत तिथंच चुकलं. कसुती धागे मोजून घालतात, म्हणजे चौकटीचं काम. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या ट्रेसिंगनं (स्कॅनवरून आपोआप रेघा काढणं) शेकडो बिंदू येतात आणि रेघेची उंची प्रत्येक अक्षरात थोडी वेगळी पडते. १००० एककांचा एम (अक्षर मांडायचा चौरस) घ्या, ४० एककांचा एक चौकोन, आणि २५ चौकोनांत सरळ मांडा.

अक्षरवेडा:
पूर्ण पटत नाही. हाताच्या टाक्याचा थोडा तिरपेपणा हीच त्या फॉन्टची ओळख. काटेकोर फक्त शिरोरेषा हवी.

खानापूरची_पोर:
फॉन्टफोर्ज. युनिकोड. टाइप फोटोशॉपमध्ये, जुनी आवृत्ती. अर्धी अक्षरं? ती आपोआप येत नाहीत? बाकी सगळे फॉन्ट देतात की!

अक्षरवेडा:
ते करणाऱ्यानं काढलेली असतात. तुमची दुखणी दोन आहेत, एकत्र करू नका.
वेलांटी फॉन्टमुळे हलत नाही. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात, डावीकडे आणायचं काम टाइप करणाऱ्या प्रोग्रामचं. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा, नवी फाइल उघडा. आधी लिब्रेऑफिसमध्ये तपासा, तिथं वेलांटी जागेवर आली तर खात्री पटेल. पण 'पुस्तिका'त स् चा पाय मोडलेला दिसेल, कारण अर्धा स नाहीच. तो काढून फॉन्टफोर्जमध्ये डेव्ह२ (देवनागरीची खूण) या टॅगखाली 'हाफ' (अर्ध्या अक्षरांचा नियम) फीचरमध्ये, स आणि हलंत मिळून अर्धा स, असं लिगेचर (दोन चिन्हांऐवजी एक जोडचिन्ह) द्या.
फट मात्र फॉन्टची. अक्षराच्या रुंदीपेक्षा तुमची रेघ आखूड आहे. दोन्ही बाजूंनी १० एककं बाहेर काढा, शेजारच्या रेघा एकमेकींवर चढतील. सगळ्या रेघांची वरची आणि खालची कड एकाच आकड्यावर. भ, ध यांची रेघ अर्धवट असते, तिथं फक्त उजवी बाजू. पेंटरकाकांची दोरी ती हीच.

सीमेवरची:
ऱ्य विसरू नका, 'सुऱ्या'साठी लागतो. आणि ल, श मराठी वळणाचे ठेवा. हा चौकोनांचा साचा कन्नडलाही चालेल, तिथं अक्षराच्या डोक्यावर तलकट्टू ही छोटी खूण असते, पण ती सलग जोडायची नसते. दोन्ही लिप्या एका पुस्तिकेत शोभतील.

शहापूरवाला:
लुगडं टोप-तेणीचं आहे का? म्हणजे पदराचा ताणा (उभे धागे) अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. तसं असेल तर जपून ठेवा.

निपाणीचा_पेंटर:
मराठीचं आधी होऊ दे, कन्नडचं नंतर बघा.

खानापूरची_पोर:
लिब्रेऑफिसमध्ये वेलांटी जागेवर आली! शिरोरेषाही जुळली, 'खानापूर' अखंड. आता अर्धा स काढायला बसते. टोप-तेणीचंच आहे लुगडं, आज्जीनं आता सांगितलं. काका, मुखपृष्ठाचं नाव तुम्ही रंगवून द्याल का? उद्या निपाणीला येते.